आयगेनव्हॅल्यू काढताना या चुका टाळा

लाप्लासियनची (ताणलेल्या पडद्याच्या कंपनांमागचा डिफरन्शिअल ऑपरेटर) पहिली, म्हणजे सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू (पडद्याचा सूर ठरवणारा आकडा) एफईएमने, म्हणजे आकारावर छोट्या तुकड्यांची जाळी टाकणाऱ्या फायनाइट एलिमेंट पद्धतीने, काढायला बसलात आणि सॉल्व्हरने (आकडे काढणाऱ्या प्रोग्रामने) १, १, १, १ अशी रांगच लावली, तर सॉल्व्हरला शिव्या देऊ नका, घोळ बाउंड्रीत असतो. माझ्या दोन रात्री यातच गेल्यात. बाउंड्रीवर शून्य हवं म्हणून आपण स्टिफनेस मॅट्रिक्समधली (ही फंक्शनच्या उतारांचा हिशोब ठेवते) प्रत्येक बाउंड्री नोडची, म्हणजे कडेवरच्या जाळीबिंदूची, ओळ पुसून डायगोनलवर १ टाकतो, मास मॅट्रिक्सचंही (ही फंक्शनच्या किमतींचा हिशोब ठेवते) तेच करतो, मग प्रत्येक बाउंड्री नोडमागे एक खोटी १ फुकट मिळते. त्या ओळी आणि कॉलम सरळ काढून टाका.

म्हणून कुठलाही कोड आधी १ बाय १ च्या चौकोनावर चालवायचा. तिथलं उत्तर पाठच असतं, पायच्या वर्गाची दुप्पट म्हणजे १९.७३९, मग ४९.३४८ दोनदा. १९.७ च्या जागी ०.२ वगैरे येतंय आणि जाळीची लांबी निम्मी केली की तेही पाव होतंय? मास मॅट्रिक्स विसरलात. ४९ पाशी दोन जवळजवळचे आकडे दिसतायत? ती चूक नाही, वेड्यावाकड्या जाळीने जोडी जरा फोडली एवढंच.

आता लोक खरे फसतात ते इथे. बाउंड्रीवर शून्य असलेलं कुठलंही फंक्शन घ्या, त्याच्या रॅले कोशंटचा (उताराच्या वर्गाचं इंटिग्रल भागिले फंक्शनच्या वर्गाचं इंटिग्रल) आकडा पहिल्या आयगेनव्हॅल्यूच्या खाली कधीच जात नाही. चौकोनावर एक्स गुणिले १ वजा एक्स, आणि तसंच वायचं, असं फंक्शन घ्या, हातानेच बरोब्बर २० येतं. भारी वाटतं, पण खरं उत्तर माहीत नसतं तर २० वरून एवढंच कळलं असतं की त्याच्या वर नाही, खाली किती ते गुलदस्त्यात. खालची बाजू फेबर-क्रानचं प्रमेय देतं: तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाची पहिली व्हॅल्यू सगळ्यात लहान, इथे १८.१६८. झालं, १८.१६८ ते २०, कागद-पेनावर. फायनाइट डिफरन्स (शेजारच्या बिंदूंवरच्या फरकांतून डेरिव्हेटिव्ह काढणारी दुसरी पद्धत) मात्र चौकोनावर खऱ्या उत्तराकडे खालून येतो (बाजूचे १० भाग केले तर १९.५७७), त्यामुळे वरून येणाऱ्या एफईएमशी जुळलं नाही म्हणून घाबरू नका, पण दुसऱ्या आकारावरही तो खालूनच येईल असं धरू नका. आणि मास लंपिंग (मास मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीची बेरीज डायगोनलवर टाकणं) केलंत तर एफईएमची वरून येण्याची गॅरंटीही गेली.

न्यूमन बाउंड्रीला (कडेवर फंक्शन नाही, त्याचा कडेला लंब उतार शून्य) सॉल्व्हरला शिफ्ट (ज्या आकड्याजवळच्या व्हॅल्यू शोधायच्या तो) ० दिला की मॅट्रिक्स सिंग्युलर होते, म्हणजे तिचा इन्व्हर्स निघत नाही, उणे १ द्या.

राहिला एल आकार, तोच मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या लोगोतला. तीन एकक चौकोन जोडलेले, पहिली व्हॅल्यू ९.६३९७. साध्या लिनिअर एलिमेंटने (प्रत्येक तुकड्यावर फंक्शन सरळ रेषेत बदलतं असं धरणारे) चौकोनावर जाळी निम्मी केली की एरर पाव होतो, इथे जेमतेम अडीचपट कमी होतो आणि लोक कोडमध्ये बग शोधत बसतात! दोष त्या आत वळलेल्या कोपऱ्याचा आहे, तिथे जाळी बारीक करा, सगळीकडे नको. खात्री हवी तर तिसरी व्हॅल्यू बघा, ती इथेही १९.७३९ च असते आणि तिचं फंक्शन कोपऱ्यापाशी गुळगुळीत असतं, म्हणजे तिचा एरर पाव होत असेल आणि पहिलीचा नसेल तर तुमचा कोड बरोबर आहे.