शेमा पाठ होतं, वाचता येत नव्हतं: सिनेगॉगमध्ये हिब्रू शिकतानाचा माझा अनुभव

आमच्यातल्या बऱ्याच मुलामुलींचं माझ्यासारखंच होतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी ठाण्यात वाढलो, घर बेने इस्राएली, म्हणजे कोकणातून आलेले मराठी बोलणारे ज्यू, आडनाव कोकणातल्या गावावरून आलेलं, घरात बोलणं मराठी. शेमा, म्हणजे आमची मुख्य प्रार्थना, लहानपणापासून पाठ, "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद", म्हणजे ऐक हे इस्राएल, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे. झोपताना आई डोळ्यांवर हात ठेवून म्हणायला लावायची. पण हिब्रूचं एक अक्षर ओळखता येईल तर शपथ. दहावी, डिप्लोमा, नोकरी, शिफ्ट, यात ते राहूनच गेलं. मग बाबा गेले, मी तेव्हा ३१ वर्षांचा होतो, आणि कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची वेळ आली.

कद्दिश मुलाने ११ महिने म्हणायचं असतं. ते अरामी भाषेत आहे, त्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती आहे, आणि ते एकट्याने म्हणता येत नाही, १० जण लागतात. बाबांच्या एका जुन्या वहीत त्यांनी ते देवनागरीत उतरवून ठेवलं होतं, तीच वही घेऊन सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, उभा राहिलो. "यिथगदल वेयिथकदश शेमे रब्बा" इथपर्यंत आलो, मागून सगळ्यांचं आमेन आलं, आणि मला कळेना की कुठे थांबायचं, कुठे पुढे जायचं. लोकांनीच मला सांभाळून घेतलं, मी चुकीच्या जागी थांबलो तिथेही हळूच आमेन म्हणून. त्या दिवशी घरी येऊन ठरवलं की हे शिकायचंच.

आता सगळ्यात आधी मिनयान समजून घ्या, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. मिनयान म्हणजे १३ वर्षांवरचे १० पुरुष. इतके जमले नाहीत तर कद्दिश नाही, सेफर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचणंही नाही. आणि माणसं एक दोन तीन अशी मोजत नाहीत आपल्यात. आमचे हझान काका, म्हणजे प्रार्थना चालवणारे, दारापासून बाकांकडे बघत एक पासूक, म्हणजे ग्रंथातलं एक वचन, पुटपुटतात, "होशिया एथ अमेखा", त्यात बरोब्बर १० शब्द आहेत, एका माणसामागे एक शब्द. शेवटचा शब्द आहे "हाओलाम". मी तिसऱ्या की चौथ्या शनिवारी गेलो तेव्हा तो शब्द माझ्यावर आला. काकांनी मान डोलावली आणि नमाज सुरू केली (हो, आमच्यात जुनी माणसं प्रार्थनेला नमाज आणि सिनेगॉगला मशीदच म्हणतात, त्यात बिचकण्यासारखं काही नाही). मला तोपर्यंत अर्धी अक्षरंही येत नव्हती, तरी माझ्यावाचून त्या दिवशी तोरा उघडली नसती. म्हणून "आधी नीट शिकतो आणि मग येतो" असं कोणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. आधी या. शेमा येत असेल तेवढं पुरे आहे.

शिकायचं कसं? माझा सल्ला एकच, देवनागरी वही पहिल्या महिन्यातच बाजूला ठेवा. आधाराला ठीक आहे पण तिच्यावर डोळे असले की सिद्दूरकडे, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकाकडे, डोळे जातच नाहीत, आणि शिवाय हिब्रूचे दोन तीन वेगळे आवाज देवनागरीत एकाच 'ह' किंवा 'अ' मध्ये कोंबले जातात. अक्षरं फक्त २२ आहेत, उजवीकडून डावीकडे, वाचता येण्यापुरती ओळख १५ दिवसांत होते. खाली वर टिंबं आणि रेघा असतात ते स्वर, आपल्या काना मात्रेसारखेच समजा. मराठी माणसाला एक फायदा पण आहे जो मला कोणी सांगितला नव्हता: त्सादी नावाचं अक्षर आहे त्याचा आजच्या हिब्रूतला उच्चार म्हणजे आपल्या चमच्यातला च, 'चहा'तला नाही. आमची म्हातारी माणसं तिथे सरळ स म्हणतात, मित्स्वाला (धर्माज्ञेला) मिस्वा म्हणतात, दोन्ही ऐकायची सवय ठेवा आणि त्यावरून कोणाला टोकू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो दालेत आणि रेशमध्ये. दोन्हीला वर आडवी रेघ, उजवीकडे उभी रेघ, फरक एवढाच की दालेतचा कोपरा टोकदार असतो, जरासा बाहेर आलेला, आणि रेशचा कोपरा गोल. मी एहाद वाचायच्या जागी अहेर वाचलं. एहाद म्हणजे एक, अहेर म्हणजे दुसरा. "परमेश्वर एकच आहे" च्या जागी मी काय म्हणून बसलो बघा. काका रागावले नाहीत, त्यांनी छापील तोराचं शेमाचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिथे शेमाचं शेवटचं अक्षर आयिन आणि एहादचं शेवटचं अक्षर दालेत ही दोनच बाकीच्यांपेक्षा मोठी असतात, सेफर तोरात हाताने लिहितानाही ती मोठीच लिहितात. हीच चूक कोणी करू नये म्हणून दालेत मोठा, असं काकांनी सांगितलं. म्हणजे माझ्या आधी शेकडो वर्षं लोक इथेच अडखळत आलेत! मला इतका धीर आला त्या एका अक्षराने, अजूनही शेमा म्हणताना तो टोकदार कोपरा डोळ्यांपुढे येतो.

आपल्या समाजाची गोष्ट पण तशीच आहे. नावगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पुस्तकं पाण्यात गेली, अशी परंपरा घराघरात सांगतात. पुढे कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनवार तेली म्हणायला लागले. हिब्रू विसरली, पण शेमा, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सुंता आणि खाण्याचे नियम टिकले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं, आमचं ठाण्याचं शार हाशामाईम १८७९ चं. आणि हिब्रू परत शिकायला मराठीचीच मदत झाली, हे मला शिकताना कळलं आणि फार अभिमान वाटला. मिशनरी जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२ चं आहे, पुण्यात १८७४ मध्ये मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली गेली, जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनांची पुस्तकंच्या पुस्तकं मराठीत आणली. तुमच्या आजीच्या पेटीत असं जुनं पुस्तक असेल तर रद्दीत देऊ नका प्लीज, सिनेगॉगमध्ये दाखवा.

सिद्दूर वाचता आला की पुढची पायरी सेफर तोरा, आणि ती खरी अवघड. चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी, ३,०४,८०५ अक्षरं, आणि त्यात स्वरांची टिंबं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, सुराच्या खुणा नाहीत. हे सगळं आठवडाभर छापील पुस्तकातून पाठ करून जायचं. वर्षात ५४ पराशा असतात, म्हणजे वाचनाचे भाग, नवीन माणसाला कोणी अख्खी पराशा देत नाही, तीन पासूकांपासून सुरुवात होते. मी रोज लोकलमध्ये ठाणे ते दादर तेवढेच तीन पासूक कानात लावून ऐकायचो. वाचताना बोट लावायचं नाही, चांदीची यद, म्हणजे दर्शक काडी, असते तिने दाखवायचं. आणि चुकलात तर लोक मोठ्याने दुरुस्त करतात, बाकावरून, सगळ्यांसमोर. पहिल्यांदा माझे कान लाल झाले, घाम फुटला, वाटलं वाचायच्या चौथऱ्यावरून उतरून जावं. पण तो अपमान नाहीये, अर्थ बदलेल अशी चूक सोडायची नाही हा नियमच आहे, आणि दुरुस्त करणारा माणूस म्हणजे तुमच्या बरोबर शब्द न् शब्द वाचणारा माणूस. खाली उतरलात की तोच पहिला हात मिळवायला येतो.

बायकांचं बसणं आमच्याकडे वेगळं, आणि त्या मिनयानात धरत नाहीत, ही पारंपरिक पद्धत आहे. पण शिकायला कोणी अडवत नाही. माझी धाकटी बहीण माझ्यानंतर सुरू करून माझ्याआधी वाचायला लागली, आता लहान मुलांना तीच अक्षरं शिकवते, आणि माझ्या सुराच्या चुका ती घरी येऊन सांगते.

समाजात मिसळायचं असेल तर मलिद्याला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या आमच्या घरगुती कार्यक्रमाला, जा, नुसत्या शनिवारच्या नमाजीने ओळखी होत नाहीत. घर घेतलं, नोकरी लागली, आजारातून उठलं, लग्न ठरलं की मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओला नारळ, वेलची, सुका मेवा, ताटात फळं, आणि सगळे मिळून "एलियाहू हन्नबी", म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गाणं, गातात. इथे शिकायला पण खूप मिळतं, कारण प्रत्येक वस्तूची बेराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीचं छोटं वाक्य, वेगळी. झाडाच्या फळाची एक, जमिनीतून येणाऱ्याची दुसरी, आणि केळं दुसऱ्यात जातं कारण केळीला झाड धरत नाहीत. सुवासाची पण बेराखा आहे, त्यासाठी सब्जाची पानं फिरवतात. मी बेराखा पाठ केल्या त्या पुस्तकातून नाही, मलिद्याच्या ताटावरून.

सणांची आपली मराठी नावं विचारून घ्या, ती आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलीत. योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दरफळणीचा सण, दारं लावून घेऊन बसायचा, २५ तासांचा कडक रोजा, दुसऱ्या दिवशी शिळा सण. तिशा बेआवचा, म्हणजे येरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा, उपास तो बिरड्याचा रोजा. नव्या वर्षाला चिकाचा हलवा होतो, गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधात, कारण जेवणात मटण असतं आणि मटणाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. ढवळायला दोन माणसं लागतात, तासन् तास, हात भरून येतो, आणि नेमके त्याच वेळी आईमावश्या जुन्या गोष्टी सांगतात. शब्बाथच्या किद्दुशला (पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला) काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत करतात ते पण शिकून घ्या, सोपं आहे.

नोकरीचं म्हणाल तर शुक्रवार संध्याकाळ हा खरा प्रश्न. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागतात, डिसेंबरात तर सहाच्या आतच, तेव्हा तुम्ही ऑफिसात असता. मी मॅनेजरला स्पष्ट सांगितलं आणि रविवारची ड्युटी मागून घेतली, एका जुन्या ठिकाणी नाही म्हणाले होते, तिथे वर्षभर मला शब्बाथ पाळता आला नाही, ती खंत आहे. हझान व्हायचा विचार असेल तर इतर नोकरी सांभाळूनच करायचं असं धरून चाला. आणि इस्राएलला जायचंय म्हणून शिकत असाल तर बोलीभाषेची हिब्रू वेगळी शिका, सिद्दूरच्या हिब्रूवर अश्दोदला बसचं तिकीट मागता येणार नाही. तिथे गेलेल्या आपल्या लोकांमध्ये मात्र मराठी अजून चालते, आणि मलिदाही होतो.

आपल्या समाजाबाहेरचे मित्र अभ्यासासाठी यायचं म्हणतात, त्यांनी आधी फोन करून विचारावं, ओळखपत्र बरोबर ठेवावं, २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षा कडक आहे. डोकं झाकायचं, शनिवारी मोबाईल बंद, फोटो नाही. धर्मात या असं कोणी म्हणणार नाही, ती आपली पद्धतच नाही.

पहिल्या शनिवारी काय करायचं ते सांगतो. वेळेच्या १० मिनिटं आधी पोचा. दारातल्या मेझुझाला, म्हणजे चौकटीवरच्या शेमा लिहिलेल्या चर्मपत्राच्या डबीला, हात लावून तो ओठांना लावा. मागच्या बाकावर नका बसू, कोणातरी म्हाताऱ्या काकांच्या शेजारी बसा, ते न विचारता पान काढून देतील आणि बोटाने ओळ दाखवत राहतील. हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला असतं, येरुशलेम त्या दिशेला म्हणून. ते उघडलं की उभे राहा. जिथे येतं तिथे म्हणा, नाही येत तिथे आमेन म्हणा. नंतर किद्दुशला थांबा, लगेच चपला शोधू नका. तिथे कोणीतरी विचारेलच की कुठल्या गावचे, वडिलांचं नाव काय, आणि दोन मिनिटांत तुमच्या आत्याच्या दिराची ओळख निघेल. पुढच्या शनिवारी कुठली पराशा आहे तेवढं विचारून मगच निघा.