पावसाची वही : तिसरी-चौथीच्या पहिल्या सत्रासाठी

शाळा उघडते मृगात आणि पहिले सत्र संपते दिवाळीला. म्हणजे अख्खा खरीप वर्गाच्या खिडकीतून दिसतो. गणित, परिसर अभ्यास आणि मराठीचे उपक्रम वेगवेगळे जुळवत बसण्यापेक्षा एक पर्जन्यमापक आणि एक वही धरून चालावे.

दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्या. खांद्याखाली, जिथून ती सरळ होते, तिथे शिक्षकानेच कापावी. बूच काढून वरचा भाग उलटा आत बसवा आणि कडेला चिकटपट्टी लावा. तळ खाचांचा असतो, म्हणून आत बारीक खडे टाका. खडे बुडून पाणी सरळ भागात येईल इतके ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. त्या रेघेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. पट्टी बाटलीच्या बुडापासून लावली की सगळी मोजणी चुकते, आणि हे हमखास होते.

बाटली उघड्या पटांगणात ठेवा. भिंत किंवा कडुनिंब जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती चार विटा लावा, पण विटा बाटलीच्या तोंडापेक्षा खालीच असाव्यात. नाहीतर त्यांवरचे शिंतोडे आत जातात.

हवामान खाते सकाळी साडेआठला मोजते. तुमची वेळ परिपाठाची असली तरी चालेल, पण रोज तीच हवी. मोजणाऱ्याने खाली बसून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचावे. मग पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणायचे. मुले उत्साहात बाटली पूर्ण रिकामी करतात, आणि दुसऱ्या दिवशीचा पाऊस खड्यांतच मुरतो. आपल्याकडे पावसाचा खंड लांबतो तेव्हा आतले पाणी उडून जाते, म्हणून कोरड्या दिवशीही रेघ तपासा आणि वहीत ० लिहा. रकाना कोरा ठेवला तर पाऊस नव्हता की कोणी मोजलाच नाही, हे नंतर कळत नाही. सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असे लिहावे.

तिसरीला आठवड्याची बेरीज आणि चौकटीच्या कागदावर स्तंभालेख पुरे. चौथीला एक पायरी पुढची द्या : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचे छप्पर ४० चौरस मीटर आणि पाऊस १० मिलिमीटर, तर ४०० लिटर. हे पाणी किती हंडे भरेल, हे मुले आपणहून काढू लागतात.

रोज एक वाक्यही लिहायचे. मुलाने अहिराणीत ‘पानी पडी ऱ्हायना’ (पाऊस पडतो आहे) म्हटले तर तेच लिहू द्या, प्रमाण वाक्य शेजारच्या रकान्यात. पावरा किंवा भिली बोलणाऱ्या मुलांनाही हाच नियम.

पेरण्या सुरू झाल्या की ओल्या फडक्यात मूग, ज्वारी आणि सरकीचे दहा-दहा दाणे ठेवून रोज किती उगवले ते मोजा. मूग बहुधा आधी फुटतो, सरकी मागे राहते. फडके ओलसर हवे. निथळत असेल तर बुरशी धरते. सरकी मात्र घरच्या कापसातून काढलेलीच घ्या. पाकिटातल्या रंगीत बियाण्याला विषारी औषध लावलेले असते, ते मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. ज्वारी-मूगही घरातल्या डब्यातले आणा, पेरणीचे नको.