लांबच्या विमानप्रवासाचा हिशेब कसा मांडावा

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुले आज लंडनला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला राहतात. त्यांच्याकडे प्रथमच निघालेल्या आईवडिलांना विमानात नेमके किती तास बसावे लागेल, याची काळजी असते आणि ती रास्तच आहे. हा हिशेब घरबसल्या करता येतो.

अंतर काढताना भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घ्यावा, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरावे आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत घट्ट ताणावे; दोरा महासागर ओलांडून आडवा न जाता उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो आणि तोच सर्वांत जवळचा मार्ग असतो. मग तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवून तो किती अंश व्यापतो ते पाहावे व त्या संख्येला १११ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. मुंबई-लंडनसाठी सुमारे ६५ अंश भरतात, म्हणजे साधारण ७,२०० किलोमीटर. सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटरवर आहे.

मोठी प्रवासी विमाने ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगाने जातात. त्यानुसार लंडनसाठी आठ तास होतात. विमानाच्या चढण्या-उतरण्यासाठी आणखी अर्धा-पाऊण तास धरावा. प्रत्यक्षात मात्र जाताना याहून जास्त वेळ लागतो, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि बंद हवाई हद्द टाळण्यासाठी वळसाही घ्यावा लागतो. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा असेच मार्ग लांबले. परतीच्या प्रवासात तोच वारा पाठीशी असल्याने वेळ वाचतो.

सर्वाधिक गोंधळ तिकिटावरच्या वेळांनी होतो. सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. समजा, विमान जुलैत मुंबईहून दुपारी १ वाजता सुटून लंडनला संध्याकाळी ६.३० वाजता पोहोचते. वरवर हे साडेपाच तास दिसतात. पण तिथल्या उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून प्रवास दहा तासांचा होतो. हिवाळ्यात हाच फरक साडेपाच तासांचा असतो. पश्चिमेकडे जाताना फरक मिळवावा, परतताना वजा करावा. विमान बदलायचे असल्यास मधल्या थांब्याचे तास वेगळे मोजावेत.

आता घरापासूनचा वेळ धरावा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली असल्यामुळे तिकिटावर बीओएम लिहिले आहे की एनएमआय, हे आधी पाहावे. बीओएम म्हणजे मुंबईचा सहार येथील विमानतळ. एनएमआय म्हणजे उलव्याजवळचा. वाशीकराने चुकून सहार गाठले, तर तिथून उलव्याला वेळेत पोहोचणे फार कठीण होते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे आणि घोडबंदर रोडवरून निघणाऱ्यांनी तिथल्या वाहतुकीसाठी हाताशी आणखी वेळ ठेवावा.

परतताना घ्यायला येणाऱ्यांना विमान उतरण्याची वेळ सांगू नये. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांसाठी त्यात किमान एक तास मिळवून मगच वेळ कळवावी.