किमोवरच्या मुलाला ताप आल्यास परिचारिकेने पहिल्या तासात काय करावे

किमोथेरपी चालू असलेल्या मुलाची आई दारात येऊन ‘सिस्टर, अंग जरा गरम लागतंय’ असे म्हणते, त्या क्षणापासून वेळ मोजायला लागावे. किमो दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, आणि न्यूट्रोफिलची (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 500 च्या खाली गेली की शरीरात पू धरण्याइतक्याही पेशी उरत नाहीत; त्यामुळे पोर्टची (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीची) जागा लाल नाही, घसा स्वच्छ दिसतो, तरीही रक्तात जंतू पसरलेले असू शकतात.

एकदाच 38.3 अंश सेल्सिअस (सुमारे 101 फॅरनहाइट) किंवा तासभर टिकलेले 38 अंश, एवढे ताप मानायला पुरेसे आहे. तापमान काखेत किंवा कानात घ्यावे. गुदद्वारातून कधीही घेऊ नये, कारण तेथील नाजूक त्वचेला इजा होऊन जंतू आत शिरतात. एनिमा आणि स्नायूतील इंजेक्शनही टाळावे.

डॉक्टरांना कळवून, हात धुऊन, निर्जंतुक पद्धतीने पोर्ट किंवा पिक लाइनच्या (दंडातून मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) प्रत्येक नळीतून ब्लड कल्चर (रक्तातील जंतू शोधण्याची तपासणी) घ्यावे, सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाठवावी आणि रुग्णालयाच्या नियमानुसार ठरलेले पहिले अँटिबायोटिक साठ मिनिटांच्या आत शिरेतून सुरू होईल असे पाहावे. काउंटचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणे ही मला सर्वांत घातक सवय वाटते. लाइन फ्लश केल्यावर लगेच थंडी वाजली, तर लाइनमध्येच संसर्ग असल्याचा संशय धरून ते तत्काळ सांगावे.

मुलांचा रक्तदाब उशिरा घसरतो, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबू नये. नाडीचा वेग, हातपायांचा गारवा, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारा वेळ, लघवीचे प्रमाण आणि मूल नेहमीपेक्षा गप्प आहे का, हे दर पंधरा मिनिटांनी पाहून लिहून ठेवावे. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाला गंभीर संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. तेथे आईचे ‘आज हा वेगळाच वाटतोय’ हे म्हणणेच लक्षण मानावे.

सुट्टी देताना पालकांच्या हाती थर्मामीटर द्यावा, आकडा त्यांनाच वाचायला लावावा आणि पॅरासिटामॉल देण्याआधी फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी, हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यावे.