एक्सेलमध्ये नंबराच्या सुरुवातीचं शून्य टिकवायचं असेल तर

नववीच्या मुलांना वर्गाची यादी करायला दिली की हमखास हे होतं: ००७ टाइप करून एंटर दाबलं की उरतं नुसतं ७. बँक खात्याचा १६ अंकी नंबर टाकला तर शेवटचा अंक चक्क ० होतो, कारण एक्सेल १५ च अंक धरून ठेवतं.

१. टाइप करायच्या आधी कॉलमच्या अक्षरावर क्लिक करा.
२. कंट्रोल आणि १ दाबा.
३. ‘टेक्स्ट’ निवडून ओके करा.

एकदोनच नंबर असतील तर आधी ' हे चिन्ह द्या, तेवढं पुरतं. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल, दिसू द्या.

गुणांच्या कॉलमला मात्र हे करू नका. बेरीज शून्य येते.