सुरणाचं बेणं घरचंच ठेवा

बेण्यासाठी, म्हणजे लागवडीसाठी, गड्ड्याच्या फोडी करताना मधला डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, चाचपून बघा, गुलाबीसर उंचवटा हाताला लागतो. त्याचा थोडा तरी भाग प्रत्येक फोडीला आलाच पाहिजे. फोड अर्धा ते एक किलोची घ्या. बारकी उगवते, पण गड्डा भरत नाही. शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा, पावसाच्या तोंडावर डोळा वर ठेवून लावा. पाणी साचतं तिथे नकोच.

आठ-नऊ महिन्यांनी पानं पिवळी पडून लोळली की गड्डा तयार. भाव पडलाय? जमीन कोरडी असेल तर काही आठवडे मातीतच राहू द्या. टोमॅटोला कुठे ही सवलत! बेणं विकत घ्यायचं म्हटलं तर भांडवल त्यातच जातं, म्हणून दोन गुंठे का होईना, मी सुरण सोडत नाही. बेण्याचे गड्डे निरोगी निवडा, ढीग न लावता हवेशीर जागी पसरा.