साताऱ्यातल्या जमीन-फ्लॅट एजंटांसाठी: दलालीतून कोणता खर्च वजा होतो, कोणता नाही

किराणा दुकानदार आयकर कायद्याच्या कलम ४४एडीचा आधार घेतो, उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवतो आणि मोकळा होतो. जमीन, प्लॉट, फ्लॅट यांची दलाली करणाऱ्याला हा रस्ता बंद आहे. कमिशन, दलाली आणि एजन्सीचा धंदा त्या कलमातूनच वगळलेला आहे. ४४एडीए डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरेंसाठी, त्यातही इस्टेट एजंट बसत नाही. तरीही ‘सगळेच भरतात’ म्हणून आयटीआर-४ (४४एडी, ४४एडीएवाल्यांचा रिटर्न फॉर्म) भरून देणारे भेटतात. बिल्डरने कलम १९४एचखाली कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवरच्या करकपातीच्या सरकारी तक्त्यात, दलाली म्हणूनच दिसतो, त्यामुळे ही गफलत लपत नाही. तुमचा फॉर्म आयटीआर-३. नफा म्हणजे मिळालेली दलाली वजा खरोखर झालेला खर्च. म्हणजे खर्चाचा कागद नसेल तर वजावटही नाही.

या लेखातली कलमं आणि दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

आधी खातं वेगळं करा

दलालीसाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. पार्टीचा विसार, स्टँप ड्युटीचे पैसे, वकिलाची फी हे सगळं तुमच्या एकाच खात्यातून फिरलं, तर वर्षाअखेर कोणती रक्कम तुमची आणि कोणती पार्टीची हे सिद्ध करत बसावं लागतं. शक्यतो विसार थेट जागामालकाच्या खात्यातच जाऊ द्या. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त विसार रोखीत घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

गाडी: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कच्चा खर्च

एजंटाचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो. आज शिरवळ, उद्या वाई, परवा फलटण. पण तीच गाडी रविवारी घरच्यांना घेऊन जेजुरीलाही जाते, म्हणून कलम ३८(२) नुसार धंद्यापुरता हिस्साच वजा होतो.

१ एप्रिलला आणि ३१ मार्चला किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. मधल्या वर्षभर डायरीत चार रकाने लिहा: तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कोणती पार्टी किंवा गट नंबर. वर्षात गाडी १८,००० किलोमीटर चालली आणि डायरीत धंद्याचे १३,५०० निघाले, तर हिस्सा ७५ टक्के. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, कर्जाचं व्याज आणि घसारा (वापराने वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत), सगळ्याला हाच ७५ टक्के लावा. पेट्रोल शंभर टक्के आणि घसारा पंच्याहत्तर टक्के असं दाखवलं, की प्रश्न आलाच म्हणून समजा. फास्टॅगचं स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून ठेवा. आनेवाडी किंवा तासवडे टोलनाक्यावरची वेळ डायरीशी जुळली, की डायरीवर कोणी शंका घेत नाही. मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली डायरी मात्र पाहताक्षणी ओळखू येते.

कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला मागून घ्या.

घसाऱ्याचा दर मोटार आणि दुचाकीला १५ टक्के, कॉम्प्युटरला ४०, फर्निचरला १०. वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी वापरात आलेल्या गाडीचे ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात, म्हणून सहा लाखांच्या गाडीवर ९०,००० घसारा मिळतो. तीच गाडी २२ ऑक्टोबरला पाडव्याला घेतली असेल तर ४५,०००. मुहूर्ताची एवढी किंमत शोरूमवाला सांगत नाही. शिवाय वस्तू घेताना एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली असेल, तर तेवढ्या रकमेवर घसारा मिळत नाही.

मधल्या माणसाचा हिस्सा

कोरेगाव किंवा खटावकडच्या गावात जागा दाखवणारा माणूस वेगळा असतो, आणि व्यवहार झाला की त्याला त्याचा वाटा द्यावा लागतो. हा खर्च पूर्ण वैध आहे, तरी सर्वात जास्त बुडतो तोच, कारण तो रोखीत दिला जातो. कलम ४०ए(३) नुसार एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली, तर तो सगळाच खर्च नामंजूर. सकाळी आठ हजार, संध्याकाळी आठ हजार दिले तरी बेरीज सोळाच धरली जाते. बेअरर चेकही चालत नाही. यूपीआय, एनईएफटी किंवा अकाउंट पेयी चेकनेच द्या, त्याचा पॅन घ्या आणि व्हाउचरवर लिहा: गट नंबर, गाव, दस्ताची तारीख, एकूण दलाली, त्याचा वाटा.

दलालीत दुसरा एजंट बरोबरीचा भागीदार असेल, तर बिल्डरला दोन वेगळी बिलं द्या. पूर्ण रक्कम तुमच्या नावावर आली तर ती तुमच्या २६एएसमध्ये दिसते, आणि जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेतही तुमचीच मोजली जाते. मागच्या वर्षी तुमची उलाढाल एक कोटीच्या वर असेल, तर वर्षाला २०,००० च्या वर दलाली देताना २ टक्के टीडीएस तुम्हालाच कापावा लागतो. नाही कापला तर त्या खर्चाचे ३० टक्के नामंजूर होतात.

तलाठ्याकडे किंवा आणखी कुठे दिलेलं ‘चहापाणी’ कोणत्याही नावाने वहीत टाकू नका. बेकायदा कामासाठीचा खर्च कलम ३७(१) च्या स्पष्टीकरणानुसार वजा होत नाही. महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, दंडही नाही. महारेराची नोंदणी फी मात्र चालते.

ऑफिस आणि किरकोळ

भाड्याचा गाळा असेल तर भाडेकरार आणि बँकेतून दिलेलं भाडं. स्वतःच्या घरातली एक खोली वापरत असाल तर स्वतःलाच भाडं दाखवता येत नाही. त्या खोलीच्या प्रमाणात वीज, दुरुस्ती आणि घसारा घ्या. मोबाईल, इंटरनेट, प्रॉपर्टी पोर्टलची फी, फ्लेक्स, फेसबुकवरच्या जाहिराती, सीएची फी, १५ रुपयांचा डिजिटल सातबारा, सर्च रिपोर्ट हे सगळं चालतं. पार्टीने परत दिलेला खर्च मात्र तुमचा नव्हे.

गणेश मंडळाला दिलेले पैसे? कमानीवर तुमच्या ऑफिसचं नाव असेल, तर मंडळाची पावती ‘जाहिरात’ म्हणून घ्या आणि कमानीचा फोटो जोडा. नुसती वर्गणी हा धंद्याचा खर्च नाही.

व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये प्रत्यक्ष भरल्यावरच वजा होतात. स्वतःची एलआयसी, मेडिक्लेम आणि साइटवर जाण्यासाठी शिवलेले कपडे खर्चात येत नाहीत. बायकोला पगार दाखवणं हा नेहमीचा सल्ला. पण तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तो पगार तुमच्याच उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो.

आकडे मांडून पाहा

दलाली १४,००,०००. गाळ्याचं भाडं ९६,०००, मदतनिसाचा पगार १,४४,०००, मधल्या माणसांचा वाटा १,६०,०००, पेट्रोल व देखभाल १,४०,००० चे ७५ टक्के म्हणजे १,०५,०००, गाडीचा घसारा ९०,००० चे ७५ टक्के म्हणजे ६७,५००, पन्नास हजारांच्या कॉम्प्युटरचा २०,०००, जाहिरात ६०,०००, फोन, वीज, सीए मिळून ४१,०००, व्यवसाय कर २,५००. बेरीज ६,९६,०००, नफा ७,०४,०००.

नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७एची करात सूट असल्याने कर शून्य. बिल्डरांनी सगळ्या दलालीवर २ टक्के कापलेले २८,००० परत मिळतात. हाच खर्च कागदाअभावी उडाला, तर १४ लाखांवर सेससह ९३,६०० कर बसतो. स्वतःचा प्लॉट विकून झालेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर ही सूट नाही, तो हिशेब वेगळा करा.

धंद्याचे खर्च नव्या आणि जुन्या दोन्ही पद्धतींत वजा होतात. ८०सी, ८०डी (एलआयसी, मेडिक्लेम वगैरेंच्या वजावटी) साठी जुनी पद्धत हवी असेल, तर रिटर्नच्या मुदतीआधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत जुन्यातून पुन्हा नव्यात यायची संधी एकदाच मिळते.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर अॅडव्हान्स टॅक्स भरा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. मोठा व्यवहार फेब्रुवारीत झाला, तर त्यावरचा कर १५ मार्चच्या हप्त्यात टाका, आधीच्या हप्त्यांवर त्यापोटी व्याज लावून घेऊ नका असं सीएला सांगून उपयोग नाही. कलम २३४सी मध्ये ही सवलत भांडवली नफ्याला आणि पहिल्यांदाच सुरू झालेल्या धंद्याला आहे, जुन्या धंद्यातल्या दलालीला नाही. म्हणून दस्त होण्याच्या बेतात असलेला व्यवहार डिसेंबरच्या अंदाजातच धरा.